बावीस गाठींची भिंत

तिसरी घंटा झाली असं समजा. दिवे मंद करायची गरज नाही, सकाळचे आठ वाजलेत आणि ऊन मुबलक आहे. पडदा वर जातो. मागे टेकडी. टेकडीच्या कमरेला पट्ट्यासारखा गुंडाळलेला रस्ता, आणि नेमक्या वळणावर त्या रस्त्याचा अर्धा भाग गायब, जणू कुणी वहीच्या पानाचा कोपरा फाडून नेलाय. खूप खाली, बाजाराकडे जाणारा दुसरा रस्ता. दोन्हींच्या मधे उघडी पडलेली माती. मातीच्या पायथ्याशी सिमेंटच्या ठोकळ्यांचे ढीग, काळ्या प्लास्टिकच्या जाळीची भेंडोळी, पेंगत उभा असलेला एक रोलर, आणि या सगळ्या थाटामाटाच्या मधोमध उकिडवा बसलेला आपला नायक.

नायक अठ्ठावन्न वर्षांचा आहे. अंगानं सडपातळ, डोक्यावर पिवळं हेल्मेट, जे त्याला उलट्या पातेल्यासारखं दिसतं. कमरेला थापी खोचलेली. खिशात भिंत सरळ आहे का ते बघायचा पितळेचा ओळंबा, त्याच्या वजनानं पँट एका बाजूला कायम झुकलेली. त्याचं पहिलं वाक्य ऐका.

"माल कुठाय?"

"कसला माल, काका?" समोर उभ्या असलेल्या इंजिनिअरताईंनी विचारलं. वय तिशीच्या आत, हातात नकाशा, बुटांवर चिखल.

"सिमेंट-वाळूचा. हे ठोकळे बसवू कशात?"

"कशातच नाही. एकावर एक कोरडेच ठेवायचे. मागे माती भरायची, मातीत जाळी घालायची."

नायकानं ताईंकडे पाहिलं, ठोकळ्याकडे पाहिलं, मग आपल्या बिनकामाच्या ठरलेल्या थापीकडे पाहिलं. "ताई, लहान मुलं ठोकळे रचतात ना, तीसुद्धा निदान थुंकी लावतात."

या माणसाला सगळे जोतेकाका म्हणत. कारण चाळीस वर्षांच्या गवंडीकामात त्यांनी फक्त जोती बांधली होती. जोतं म्हणजे घराचा जमिनीलगतचा भाग, ज्यावर बाकीचं घर उभं राहतं आणि ज्याकडे नंतर कुणीही ढुंकून पाहत नाही. जोती, पायऱ्या, ओटे, गटारांच्या कडा, फरशा. जोतेकाकांच्या हातचं जोतं असं सपाट असायचं की त्यावर गोटी ठेवली तर तिला कुठं जावं ते सुचायचं नाही. पण भिंत छातीच्या वर गेली, उंचावर उभं राहायला बांबूंची परांची बांधायची वेळ आली, की काका थापी धुऊन पुसून पिशवीत ठेवत आणि म्हणत, "चला, माझं झालं."

याला कारण होतं आणि ते अख्ख्या धंद्याला ठाऊक होतं. बावीस वर्षांचे असताना ते पहिल्यांदा परांचीच्या तिसऱ्या टप्प्यावर चढले. विटा हातात घेतल्या, खाली पाहिलं, आणि खालची जमीन जात्यासारखी फिरायला लागली. त्यांनी परांचीच्या खांबाला मिठी मारली. अशी मारली की चार माणसांना ती सोडवता येईना. शेवटी त्यांच्या थोरल्या मिस्त्रींनी, म्हणजे ज्यांच्या हाताखाली ते शिकत होते त्यांनी, माल वर चढवायची मोठी बादली मागवली, काकांना तिच्यात बसवलं आणि कप्पीवरून अलगद खाली सोडलं. समोर शिवणकामाचं दुकान होतं. तिथं मशीनवर बसलेली एक मुलगी हे सगळं बघत होती. बादली जमिनीला टेकली तेव्हा ती उंबऱ्यावर येऊन म्हणाली, "पाणी देऊ का? की आधी बादलीतून काढू?"

तीच पुढे काकू झाली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली तरी ती कुणालाही सांगते, "लोकांचे नवरे घोड्यावरून येतात, गाडीतून येतात. माझा वरून आला." आणि ते खांबाला मारलेल्या मिठीचं विचारलं तर, "तशी मला अजून मारलेली नाही."

थोरल्या मिस्त्रींनी त्याच दिवशी काकांना आपला पितळी ओळंबा देऊन टाकला. नव्याकोऱ्या दोरीला हातहाताच्या अंतरावर गाठी, एकूण पंचवीस. शिक्षा म्हणून दिला की आशीर्वाद म्हणून, ते काकांना कधी कळलं नाही. देताना एवढंच म्हणाले, "भिंतीला टोपी घालण्याआधी वरपासून खालपर्यंत ओळंबा दाखवायचा. ज्यानं तो दाखवला आणि टोपी बसवली, त्याची भिंत. बाकीचे सगळे मदतनीस." टोपी म्हणजे भिंतीवरचा शेवटचा, झाकणासारखा ठोकळा.

या हिशेबानं बघितलं तर चाळीस वर्षं राबून काकांच्या नावावर एकही भिंत नव्हती. दोरी पहिल्या दोन गाठींपर्यंत वापरून काळी झाली होती. बाकीची दोरी गुंडाळलेलीच.

काकूला हे टोचत नसे असं नाही. दर वर्षी कुठलं तरी मोठं घर, शाळा, गोदाम पुरं झालं की काका तिला दाखवायला नेत. ती नटूनथटून जाई, गळ्यातली मापाची टेप तेवढी काढायची विसरे. "हे बघ," काका म्हणत. ती वर बघे. "वर नाही गं, खाली." मग ती खाली बघे, वाकून जोत्यावर हात फिरवे, आणि म्हणे, "छान आहे हो. पण तुमची कामं बघायची तर माणसानं मांजर व्हावं." एकदा परत येताना ती सहज बोलून गेली होती, "मान वर करून बघावी अशी एखादी भिंत दाखवा की मला कधीतरी." बोलली आणि विसरली. काका विसरले नाहीत. हात आता सकाळी आखडायला लागले होते. एखादं वर्ष, फार तर दोन, आणि थापी खुंटीला जाणार होती. तेवढ्यात एक भिंत, एकच, पायापासून टोपीपर्यंत, आपल्या हातची. एवढं त्यांना हवं होतं. आणि ते होणं शक्य नाही हेही त्यांना माहीत होतं.

ताईंनी त्यांना बोलावलं होतं ते फक्त तीन दिवसांसाठी. पहिली ओळ बसवायला. अशा भिंतीत सगळी मदार पहिल्या ओळीवर. ती केसभर चुकली की वर हातभर चुकते. काकांनी पहिली ओळ तीन दिवस लावली. सपाटी बघायची पाणसळ ठेवायची, डोळा मिटायचा, ठोकळ्याला लाकडी हातोड्यानं टिचकी मारायची, परत पाणसळ. चाळीस किलोचा एकेक ठोकळा उचलून द्यायला जोडीला क्रेनमावशी होती. वयानं काकांहून वीस वर्षांनी लहान, पण दोघांनी उचलायचा ठोकळा ती एकटी उचलते हे पाहिल्यावर तिला ताई म्हणायची हिंमत कुणाची झाली नव्हती. काकाही मावशीच म्हणत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी थापी पुसली. ती न वापरताच स्वच्छ होती, पण सवय. "चला, माझं झालं. परांची कधी बांधताय?"

"परांची नाहीच," ताई म्हणाल्या.

"मग वरचं काम करणार कसं? उडत?"

"मातीवर उभं राहून. ओळ झाली की मागे माती भरायची, रोलर फिरवायचा, जाळी अंथरायची. परत ओळ, परत माती. भिंत जितकी वर तितकी माती वर, आणि तितकेच आपण वर. आपल्यापुढे भिंत कायम..." ताईंनी हात गुडघ्याजवळ धरला. "एवढीच."

काकांनी त्या हाताकडे बराच वेळ पाहिलं.

"गुडघाभर?"

"गुडघाभर."

"शेवटपर्यंत?"

"टोपीपर्यंत."

काका मटकन ठोकळ्यावर बसले. कुणाला लॉटरी लागली की तो असाच बसतो. मग संशयानं म्हणाले, "आणि ही माती धरून कोण ठेवणार? जाळी? माझ्या बनियनला याहून बारीक भोकं आहेत."

ताईंनी वाद घातला नाही. एक लाकडी खोका आणला, वाळूनं भरला, आणि त्याच्या चारी फळ्या काढल्या. वाळू ढिगारा होऊन पसरली. मग तोच खोका परत भरला, पण आता दर चार बोटांवर पोत्याचा एक तुकडा अंथरत. फळ्या काढल्या. कडेनं चिमूटभर वाळू सांडली, बाकीची उभीच राहिली. ताई त्यावर चढल्या आणि तिथून म्हणाल्या, "या, काका."

काका चढले. वीतभर उंचीवर उभं राहतानाही त्यांनी ताईंचा खांदा धरला होता. पण वाळू हलली नाही. त्यांनी हळूच एक उडी मारली. तरी हलली नाही. मग ते हसायला लागले आणि थांबेचनात. रोलरवाला इंजिन बंद करून बघायला आला.

"काय झालं काकांना?"

"वाळूवर उभे आहेत," मावशी म्हणाली.

"मग पडत कसे नाहीत?"

"त्यालाच हसतायत."

घरी जाऊन काकांनी हाच प्रयोग काकूच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यात, कागदाचे तुकडे घालून केला. निम्मं पीठ ओट्यावर आलं. काकूनं रागवायच्या आधी नीट बघून घेतलं, मग म्हणाली, "म्हणजे मातीला अस्तर लावलंय. त्यात एवढं काय? सैल कापडाला अस्तर लावलं की ते उभं राहतं, हे मी तीस वर्षं सांगतेय. आणि ते पीठ भरा आता."

दुसऱ्या दिवसापासून काकांचं जगणं सुरू झालं असं म्हटलं तरी चालेल.

त्यांनी सगळ्यांना एकच अट घातली. "फूट, मीटर, मजला, असले शब्द माझ्यापुढे काढायचे नाहीत. विचारलं तर एकच उत्तर." त्यामुळे रोज सकाळी हा संवाद व्हायचा. काका हेल्मेट चढवत विचारायचे, "आज कितीवर आहोत?" आणि रोलरवाला, मावशी, ताई, एका सुरात म्हणायचे, "गुडघाभर."

कडेला पडू नये म्हणून कठडा असतोच. त्यावर साधी जाळी बांधतात. ताईंनी या कठड्याला जाड हिरवं कापड बांधायला लावलं, नाटकाचा पडदाच म्हणा ना. थर चढला की कापडही चढायचं. पलीकडे दरी आहे, बाजार आहे की समुद्र आहे, याचा काकांना पत्ता नाही. रोलर कडेपासून पाच फूट लांबच फिरवायचा असा नियम असतो, नाहीतर ठोकळे बाहेर ढकलले जातात. कडेची माती हातानं ढकलायच्या लहान यंत्रानं ठोकायची. रोलरवाला म्हणायचा, "मीही कडेपासून तेवढाच लांब राहतो, काका. पण माझ्या भित्रेपणाला नियम म्हणतात."

आणि काकांचे हात काय चालायचे. जाळी ताणून घ्यावी ती काकांनी. भेंडोळं भिंतीकडून टेकडीकडे उलगडायचं, पुढचं टोक ठोकळ्यांत अडकवायचं आणि मागचं टोक असं ओढायचं की बोटानं छेडलं तर वाजलं पाहिजे. ठोकळ्यांच्या मागे हातभर खडी, पाण्याला वाट. ठोकळा बसवायचा तो किंचित आत झुकवून, कारण मागून रोलर फिरला की तो आपोआप ताठ होतो. किती झुकवायचा याचं कोष्टक ताईंकडे होतं. काकांकडे अंगठा होता. आठवड्याभरात ताईंनी कोष्टक मिटलं आणि अंगठा बघायला लागल्या.

आणखी एक चमत्कार झाला. काकांचं घर टेकडीच्या वरच्या अंगाला. कामावर जायचं म्हणजे वरच्या रस्त्यावरून मातीच्या उतारानं खाली उतरायचं, संध्याकाळी धापा टाकत चढून यायचं. पहिल्या आठवड्यात चढताना ते सात वेळा थांबायचे. मग पाच. मग तीन. दोन महिन्यांनी तर एकदाही नाही. "अगं, माझे गुडघे सुधारले," त्यांनी काकूला सांगितलं. "चढ जाणवतच नाही."

काकूनं सुईत दोरा ओवता ओवता विचारलं, "की चढच उरला नाही?"

काकांनी पाणी मागितलं.

त्यांना खरंच कळत नव्हतं का? चाळीस वर्षांचा गवंडी तो, ओळी मोजता येत नाहीत असं थोडंच आहे. पण प्रेक्षकालाही माहीत असतं की रंगमंचावरचं झाड पुठ्ठ्याचं आहे, तरी तो दोन तास त्याच्या सावलीत सुखानं बसतो. काका त्या सावलीत बसले होते. शीळ घालत होते. मावशीकडून ठोकळा घेताना "आण गं माझे राजकन्ये" म्हणत होते, आणि ती राजकन्या चाळीस किलोचा ठोकळा बगलेत मारून येत होती.

आणि मग एक दिवस उतारच उरला नाही. काका घरून निघाले ते सपाट रस्त्यावरून सपाट भरावावर आले. फाटलेला कोपरा भरून निघाला होता. शेवटची ओळ झाली होती, टोप्या दोन्ही टोकांकडून मधे येत येत एका ठोकळ्याएवढी फट उरली होती. ती फट काकांची.

आदल्या संध्याकाळी त्यांनी काकूला सांगितलं होतं, "उद्या बाजाराच्या रस्त्यानं जा आणि तिथून समोर बघ."

"वाकून की बसून?"

"उभी राहून."

 काकूनं ओळंबा घेतला आणि राखेनं घासून लखलखीत केला. तो ती दर आठवड्याला घासायची, वापर असो नसो.

तर आता दुसरा अंक. वेळ सकाळचीच. मावशीनं शेवटची टोपी फटीपाशी आणून ठेवलेली. ताई वही घेऊन उभ्या. रोलर बंद. काका फटीपुढे गुडघे टेकून बसले आणि म्हणाले, "थांबा. आधी ओळंबा."

ताई घाईनं म्हणाल्या, "काका, ते मी खालून दुर्बिणीनं मोजलंय. अगदी सरळ आहे."

"दुर्बिणीनं लग्न ठरवतात, ताई. भिंतीला ओळंबाच दाखवतात."

आणि त्यांनी ती चूक केली, जी दुसऱ्या कुणी केलीच नसती. छत्तीस वर्षं इतरांना सांगितलेला नियम त्यांनी पहिल्यांदा स्वतः पाळला. हिरव्या कापडाखालून हात घातला, दोन बोटं रुंदीची काठी कडेवर ठेवली, तिच्यावरून दोरी सोडली.

पहिली गाठ गेली. दुसरी गेली. इथपर्यंत घरचं अंगण. तिसरी, खिडकीची उंची. पाचवी, दाराची चौकट. दहावी गाठ बोटांतून सरकली तेव्हा काकांना तो खांब आठवला, मिठी मारलेला. दुसऱ्या गाठीपुढची सगळी दोरी पांढरीशुभ्र होती. छत्तीस वर्षं गुंडाळलेली, वारा न लागलेली. ती सरसर निघाली. अकरा. बारा. पंधरा. ओळंबा थांबायचं नाव घेईना.  काका पुटपुटत मोजत होते आणि त्यांच्यामागे रोलरवालाही मोजत होता, त्यालाही भान नव्हतं.

"अठरा."

"अठरा."

"गप रे," मावशी म्हणाली. "त्यांना ऐकू जातंय."

एकोणीस. वीस. एकवीस. बाविसावी गाठ काठीला लागली आणि दोरी सैल झाली, तशी काकांनी ती चार बोटं वर घेऊन ओळंबा लोंबता ठेवला.

बावीस हात. गुडघे टेकलेले काका हळूहळू पोटावर आले, गाल मातीला लावला, आणि तसेच राहिले. एका हातात तेवढी दोरी घट्ट.

कुणी काही बोलायच्या आत खालून कुणीतरी दोरी ओढली. एकदा. मग दोनदा. गळाला मासा लागावा तशी.

काकांच्या खिशातला फोन वाजला. मावशीनं तो काढून त्यांच्या वरच्या कानाला लावला. आवाज इतका खणखणीत होता की सगळ्यांना ऐकू आला.

"अहो, ओळंबा पोचला. माझ्या पायाशी लोंबतोय. तुम्ही कुठे आहात?"

"वर."

"ते कळलं. दिसत का नाही?"

"आडवा आहे."

"बरं वाटत नाही का?"

"मला बरंय. जग जरा फिरतंय."

"फिरू दे. मी मान इतकी मागे केलीय की अंबाडा पाठीला टेकला. ही सगळी तुम्ही केली?"

 ताई खाली वाकून मऊ आवाजात म्हणाल्या, "काका, तुम्ही मागे सरका. एवढी शेवटची टोपी मावशी बसवेल. काही बिघडत नाही."

फोनमधून ते खाली पोचलं असावं. कारण काकू म्हणाली, "म्हणजे भिंत मावशीची?"

मावशी एकदम म्हणाली, "मला नको बाई."

"मावशीची नाही," काका मातीतच बोलले.

"मग उठा."

"उठवत नाही गं."

"मग उठू नका. आडवं होऊन कापड बेतता येत नाही, पण भिंतीचं मला काय माहीत. तिथं चालत असेल."

काका विचार करत राहिले. गालाखालची माती अगदी गार आणि घट्ट होती. हाच थर त्यांनी परवा ठोकला होता. त्याखाली त्यांनी ताणलेली जाळी, त्याखाली त्यांनीच मान्य केलेला थर, त्याखाली पुन्हा जाळी, थेट खाली त्या पहिल्या ओळीपर्यंत, जी त्यांनी तीन दिवस लावली होती. डोकं फिरत होतं. माती फिरत नव्हती. खांब हलतो, परांची हलते, बादली तर झोकेच घेते. हे हलत नव्हतं. जोतं होतं हे, बावीस हात उंच जोतं.

"ऐक," ते फोनला म्हणाले. "वर काठी दोन बोटांची आहे. खाली दोरी आणि भिंतीत किती बोटं बसतात बघ."

"दोन."

"नक्की?"

"माझी बारीक आहेत. तुमची दीड म्हणा."

काकांनी घाईनं विचारलं, "ओळंबा हलतोय का?"

"हलत होता. मी धरलाय."

"अगं, धरू नकोस. धरल्यावर तो काय खरं बोलणार?"

"बरं, सोडला."

सगळे थांबले. ताईंनी वही छातीशी धरली. रोलरवाल्यानं कारण नसताना हेल्मेट काढलं. खाली काकू एका डोळ्यानं बघत होती, तीस वर्षं शिवणी सरळ बघत आलेल्या डोळ्यानं.

"थांबला."

"आता?"

"दोन. तुमचीच दोन, जाड."

मावशीनं टोपी उचलली. काका पोटावरच पुढे सरकले, काठी काढून घेतली, दोरी खाली सोडून दिली, दोन्ही हात फटीच्या दोन बाजूंना पसरले आणि डोळे गच्च मिटले. "तू सांग गं. मी बसवतो."

"जरा डावीकडे."

"कुणाच्या?"

"माझ्या. नाही, तुमच्या. थांबा. घराकडे. घराकडे अर्धं बोट."

मावशीनं घराकडे अर्धं बोट घेतलं. काकांचे तळवे ठोकळ्याच्या कडांवरून फिरत होते, आंधळ्या माणसानं ओळखीच्या चेहऱ्यावरून फिरवावेत तसे.

"आता पोट पुढे आलंय तिचं. आत घ्या. अजून. टाचणीभर. बस."

काकांनी कमरेची थापी काढली, जिला तीन महिने माल लागला नव्हता, आणि तिच्या मुठीनं टोपीवर एकदा टक् केलं. ठोकळा बसला. फट मिटली.

रोलरवाला पळत जाऊन भोंगा वाजवायला लागला. मावशीनं काकांना मागून उचलूनच घ्यायचं ठरवलं होतं, पण ताईंनी तिला हातानं थोपवलं आणि हिरव्या कापडाची गाठ सोडली. कापड घसरलं. पडदा पडला आणि नेमकं त्याच वेळी सगळं दिसायला लागलं.

टोपीच्या वर आधी पिवळं हेल्मेट आलं, मग भुवया, मग एक डोळा. एकच. दुसरा अजून विचार करत होता. खाली अंगठ्याएवढी काकू, गळ्यात टेप, एका हातात ओळंबा, दुसऱ्या हातात फोन, आणि मान अशी मागे की आता ती उलटी पडणार असं वाटावं. भोवती बाजाराला निघालेले दहा-बारा लोक, सगळ्यांच्या माना वर. जमीन फिरली. काकांनी तिला फिरू दिलं. मग दुसराही डोळा उघडला.

"दिसलात," फोनमध्ये काकू म्हणाली.  नाक ओढल्याचा आवाज आला. मग नेहमीच्या आवाजात, "आणि आता खाली कसे येणार? बादली पाठवू का?"

काकांनी मान वळवून मागे पाहिलं.

"नको गं. मागे रस्ता आहे. चालत येतो."